कोसमटोल्याचा आकडा

त्या सोमवारी आलेला आकडा हेमलता नैताम हिने आधी चहा संपवून मग वाचला. याला तिचा निष्काळजीपणा म्हणू नये. असे आकडे दर तिमाहीला यायचे आणि ते बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी जंगलाचे असायचे. कधी समुद्रापलीकडच्या एखाद्या बेटाचे, कधी पश्चिम आफ्रिकेतल्या एखाद्या खोऱ्याचे. दुसऱ्याच्या जंगलाचा मृत्यू माणूस चहाबरोबर सहज पचवतो. हेमलताही पचवत आली होती आणि त्याबद्दल तिला पगार मिळत होता.

या वेळी पडद्यावर नाव होतं गडचिरोली जिल्ह्याचं. त्याखाली बारीक अक्षरांत काही गावांची शिवारं दिली होती, त्यांत कोसमटोला होतं. कोसमटोला म्हणजे हेमलताचं गाव. तिचा धाकटा भाऊ सुखदेव तिथे ग्रामसभेचा अध्यक्ष होता, आईवडिलांची माती तिथल्याच नदीकाठी होती. शेजारच्या रकान्यात आकडा होता: तीन वर्षं.

तीन वर्षांनी त्या जंगलातून विकण्याजोगा एकही ओंडका निघणार नाही, असा त्याचा अर्थ. हेमलताने रकाना पुन्हा वाचला. मग तिला आपण प्यालेला चहा नकोसा वाटू लागला.

ती नागपूरच्या काष्ठ-व्यापार कक्षात मुख्य तपासनीस होती. कक्षाचं काम सांगायला सोपं होतं. समजा, एका देशाने दुसऱ्याला सागवान विकलं. विकणारा आपल्या बंदरावर लिहितो, इतक्या किमतीचा माल गेला. घेणारा आपल्या बंदरावर लिहितो, इतक्या किमतीचा माल आला. जहाजाचं भाडं आणि विमा बाजूला काढला तर दोन्ही आकडे जुळायला हवेत. ते कधीच जुळत नाहीत. एकाच्या कागदावरून शंभर ओंडके निघतात आणि दुसऱ्याच्या धक्क्यावर दीडशे उतरतात. वाटेत समुद्रात झाडं उगवत नाहीत, तेव्हा मधले पन्नास कुठून तरी चोरून तोडलेले असतात. हे जुन्या आकडेतज्ज्ञांना ठाऊक होतं आणि लाकूडवाल्यांना तर त्याहून आधी ठाऊक होतं.

नवं होतं ते यंत्र. त्याचं नाव ‘पडताळा’. त्याला सगळ्या देशांची, गेल्या साठ-सत्तर वर्षांची कठीण लाकडाची आयात मूल्यं शेजारी शेजारी मांडून दाखवली, तेव्हा त्याला एक चाल दिसली. जंगल संपत येतं तेव्हा आधी माल वाढतो आणि दर जागच्या जागी राहतो. मग माल तेवढाच राहून दर चढतो, कारण तोडणाऱ्याला आत आत जावं लागतं. मग ओंडक्यांचा घेर कमी होतो. मग दोन देशांच्या आकड्यांमधली फट रुंदावते. आणि मग एका वर्षी तो विकणारा देश गुपचूप घेणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. देश बदलले, झाडं बदलली, चाल तीच.

याला बंदरावर तपासलेल्या लाकडाच्या कपच्यांची जोड मिळाली. झाड ज्या मातीत वाढतं तिथल्या पाण्याची आणि खनिजांची खूण त्याच्या लाकडात राहते. ऑक्सिजनचे जड आणि हलके अणू किती, स्ट्रॉन्शियम कोणत्या जातीचं, यावरून झाड कोणत्या डोंगराच्या कोणत्या बाजूला उभं होतं ते सांगता येतं. पूर्वी यासाठी प्रयोगशाळा लागायची. आता धक्क्यावरचा कारकून नखाएवढा तुकडा यंत्रात टाकतो आणि उत्तर येतं. त्यामुळे पडताळा आता देशाचं नव्हे, तालुक्याचं मरण सांगू लागला होता.

इतकी चांगली विद्या हाती आल्यावर जंगलं वाचायला हवी होती. पण झालं उलटंच. श्रीमंत देशांनी मध्यंतरी एक टूम काढली होती. लाकडात झाडाने जन्मभर गोळा केलेला कार्बन कोंडलेला असतो, म्हणून जो इमारतीत जुनं कठीण लाकूड वापरील त्याला करात सूट. झाड उभं होतं तेव्हाही तो कार्बन त्याच्यातच होता की, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असेल तर त्याला समितीवरून काढलं असेल. तेव्हापासून सागवान, शिसम, बिजा यांना सोन्याचा भाव आला. आणि पडताळ्याने एखाद्या जंगलाला नऊ वर्षं दिली की जगभरचे खरेदीदार नऊ वर्षं थांबत नसत. संपायच्या आत उचला म्हणून सगळे एकदम धावत आणि ते जंगल दोन-अडीच वर्षांत संपे. मग पडताळा बरोबर होता की चूक, यावर परिसंवाद होत.

पश्चिम आफ्रिकेच्या कक्षातल्या आबेनाचं असंच झालं होतं. ती हेमलताची या धंद्यातली एकुलती मैत्रीण. दोघी प्रत्यक्षात कधी भेटल्या नव्हत्या, पण पडद्यावर रोज बोलायच्या. आबेनाच्या आजोळचं जंगल गेलं त्या आठवड्यात ती काही बोललीच नव्हती. नुसती पडद्यासमोर बसून भेंडी चिरत राहिली होती आणि हेमलता तिला सोबत म्हणून इकडे आपली कामं करत बसली होती.

आता हेमलताने तिला काही कळवलं नाही. आकडा जाहीर व्हायला तीन आठवडे होते, आणि तोपर्यंत तो फक्त तिच्या कक्षापुरता होता.

दुपारी सुखदेवचा फोन आला.

“बाई, थे करारवाले परत येऊन गेले.”

“का म्हनतात?”

“तीस वर्स एकाबी झाडाले हात लावाचा नाई म्हनतात. पहारा त्यायचा, यंत्रं त्यायची, वरून पाखरू उडालं तरी त्यायले समजन. दरसाल गावाले पैसेबी देतीन. पन जंगलात कोनी जायाचं नाई. मोहा नाई, तेंदू नाई, सरपन नाई.”

हा ‘उभ्या झाडांचा करार’ हेमलताला माहीत होता. परदेशातला एक निधी ही कामं करायचा आणि चोख करायचा. त्यांनी कुंपणात घेतलेलं एकही जंगल आजवर गेलं नव्हतं. फक्त त्या कुंपणाच्या आत माणूसही उरला नव्हता.

“सभेचं का म्हननं हाये?” तिने विचारलं.

“सभा म्हनते, धोका जवळ असन तं सही करू. पोटाले चिमटा बसन, पन झाडं राहतीन. धोका दूर असन तं सोताच्या घराले कुलूप काऊन लावाचं? म्हनून तुले इचारतो. तुयाकडे आकडा असते ना?”

हेमलताने खोलीचं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाली, “सुखदेव, तुले एकट्याले काही सांगतलं तं तू तुयाजवळ ठेवशीन का?”

तो मोठ्याने हसला. “गाव सोडून लय दिवस झाले वाटते तुले. अध्यक्षाले एकट्याले काही माहीत राहत नाई, बाई. माहीत झालं तं सभेत सांगाच लागते. नाई तं मी कायचा अध्यक्ष?”

तो थट्टेत बोलला असला तरी खोटं बोलला नव्हता. कोसमटोल्याची सभा गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घराच्या, उघड्या पडवीत भरायची, निम्मी गोंडीत आणि निम्मी झाडीपट्टीच्या मराठीत. कुणीही यावं, ऐकावं. ठराव मतांनी होत नसे. सगळ्यांचे हात वर गेले तरच तो ठराव, एक हात खाली राहिला तर पुढच्या सभेला. आणि सभेपासून लपवलेली गोष्ट चोरीच्या मालाबरोबर, हा तिथला कायदा. याच कायद्याच्या जोरावर त्या गावाने दोन कागद कारखाने आणि एक खाण परतवून लावली होती. पण त्याच पडवीच्या पायरीवर अलीकडे लाकडाचे दलालही येऊन बसायचे. त्यांना कुणी हाकलत नव्हतं, कारण सभा उघडी होती.

म्हणजे सुखदेवला सांगणं म्हणजे सभेला सांगणं, आणि सभेला सांगणं म्हणजे बल्लारपूरपासून हँबर्गपर्यंत सगळ्यांना सांगणं. ‘तीन वर्षं’ हे शब्द त्या पडवीत उच्चारले गेले असते तर करारवाल्यांची गाडी परत यायच्या आत तोडणाऱ्यांच्या गाड्या आल्या असत्या.

“आकडा यायचा हाये अजून,” हेमलता म्हणाली. “आला की सांगीन.”

फोन ठेवल्यावर तिला स्वतःची लाज वाटली, पण भीती तिच्याहून मोठी होती.

प्रत्येक देशाच्या तपासनिसाला पडताळ्याचा आकडा थोडाफार बदलण्याची मुभा होती. यंत्राला सगळंच कळत नाही, स्थानिक माणसाला जास्त कळतं, असं मानून ती दिलेली होती. तिला ‘स्थानिक सुधारणा’ म्हणत. नवी लागवड मोठी झाली असेल, वणव्यात वाटलं त्यापेक्षा जास्त वाचलं असेल, तर तसं लिहून तपासनिसाने वर्षं वाढवावीत आणि पडताळ्याने ती हिशेबात घेऊन शेवटचा आकडा छापावा. हेमलताने आठ वर्षांत ही मुभा क्वचितच वापरली होती, आणि वापरली तेव्हा रीतसर पाहणी करून.

या वेळी तिने खुर्चीत बसूनच पाहणी केली. नदीच्या पलीकडची सागवानाची लागवड तिने कागदावर दहा वर्षांनी म्हातारी केली. डोंगराच्या मागच्या बाजूला तिने बिजाची झाडं उभी केली. लहानपणी ती तिथे शेळ्या घेऊन जायची आणि तिथे दगडांशिवाय काही नव्हतं. तिनाचे चौदा झाले.

संचालक पाठराबे साहेबांनी ते वाचलं. भला माणूस, निवृत्तीला टेकलेला, कुणाचं वाईट न करता दिवस काढावे अशा मताचा. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“हे तुमचंच गाव ना?”

“हो, सर.”

“लागवड खरंच एवढी वाढली?”

“वाढलीय, सर.”

ते जरा वेळ कागद चाळत बसले. “असू दे,” ते म्हणाले. “झाकली मूठ सव्वा लाखाची. चौदा म्हटलं की कुणी धावणार नाही. तेवढ्या वेळात काहीतरी होईल.” आणि त्यांनी मान्यता दिली.

त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे तिलाही कळलं. दोघांनी मिळून एक पुण्यकर्म केल्यासारखं दोघांना वाटलं. दोघं त्या दिवशी एकमेकांशी फार प्रेमाने बोलत होते.

आता उरला होता सुखदेव. इथे हेमलताला थांबता आलं असतं. ‘मला सांगता येत नाही’ असं ती म्हणू शकत होती. पण तपासनीस बहीण सांगत नाही म्हणजे धोका जवळ आहे, हे गावाने एका दमात ओळखलं असतं, आणि पायरीवरच्या दलालांनीही. शिवाय चौदा वर्षं हाच आकडा जगापुढे येणार होता. जगाला एक आणि गावाला एक असं करून कसं चालेल? असा तिने विचार केला. विचार चांगलाच मुद्देसूद होता.

“चौदा,” तिने फोनवर सांगितलं.

“चौदा?” सुखदेवचा आवाज एकदम मोकळा झाला. “मंग तं लय हाये ना वं, बाई! चौदा वर्सात आमची नवी झाडं उभी होतीन.”

“करार करून टाका तरीबी,” ती घाईने म्हणाली. “झाडं वाचतीन.”

“चौदा वर्स आहेत तं आताच काऊन? बाया मोह्यावरच जगतात इथं. तूच सांग, मैनाबाईले म्या कोन्या तोंडानं सांगू, का जंगलात जाऊ नको म्हनून?”

त्याला उत्तर देण्यासारखं तिच्याकडे एकच होतं आणि ते तिने आत्ताच खोटं करून ठेवलं होतं. ती म्हणाली, “पाहा मंग. सभेचं सभा ठरवन.”

सभेने ठरवलं. सुखदेवने दुसऱ्या दिवशी सगळं वर्णन करून सांगितलं. करार नाकारायचा, यावर सगळ्यांचे हात वर गेले, एकट्या मैनाबाई कुमरेंचा सोडून. मैनाबाई म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई. त्यांनी मोहाच्या पिशव्या डोक्यावर वाहून तीन पोरं शिकवली होती. करार नको असं सगळ्यांत जास्त त्यांनाच वाटायला हवं होतं. त्या म्हणाल्या, “मले ह्या दलालाईचं बसनं बरोबर दिसत नाई. हेमानं सोता सांगतलं का चौदा?” सुखदेव म्हणाला, सोता सांगतलं. “मंग ठीक हाये,” म्हणून त्यांनी हात वर केला.

हे सांगताना सुखदेव हसत होता. हेमलताने फोन ठेवला. निदान आता कुणी धावणार नाही, असं तिने स्वतःला समजावलं. चौदा वर्षं ऐकून बाजार झोपून राहील, आणि दोन-चार वर्षांत ती कसंही करून गावाला पुन्हा कराराकडे वळवील.

तिमाही यादी जाहीर झाली ती एका गुरुवारी सकाळी. कक्षातले सगळे नेहमीप्रमाणे आपापल्या पडद्यांवर ती पाहत होते. हेमलताने सरळ गडचिरोलीवर बोट नेलं.

तिथे चौदा नव्हतं. तीनही नव्हतं. तिथे होतं: दीड वर्ष. आणि खात्रीच्या रकान्यात, एरवी तिथे ‘मध्यम’ किंवा ‘बरी’ असायचं, तिथे लिहिलं होतं ‘जवळजवळ निश्चित’.

तिला वाटलं, चूक झाली. तिने कारणांचं पान उघडलं. पडताळा आपली कारणं लपवत नसे, हा त्याचा गुण म्हणूनच सांगितला जायचा. खाली घेराचं कारण होतं, दराचं होतं, सगळी नेहमीची. सगळ्यात वर एक कारण होतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

‘स्थानिक सुधारणा ही माल घेणाऱ्या देशांच्या आयात मूल्यांशी जुळत नाही. सुधारणा तपासनिसाच्या जन्मगावाच्या क्षेत्रात. अशी मवाळ सुधारणा यापूर्वी एकोणीस जंगलांत आढळली. त्यांतलं एकही जंगल पुढची दोन वर्षं टिकलेलं नाही.’

तिने ते पुन्हा एकदा वाचलं. यंत्राला कुणी हे शिकवलं नव्हतं. दोन टोकांना लिहिलेले दोन आकडे शेजारी ठेवायचे आणि त्यांच्यातली फट मोजायची, एवढंच त्याला येत होतं. आजवर त्याने लाकडाची फट मोजली. आता त्याने माणसांची मोजली होती. जंगल संपायला येतं तेव्हा त्या मातीतला तपासनीस खोटं बोलतो, हीसुद्धा एक चाल होती, आणि हेमलता तिच्यातलं शेवटचं उदाहरण होती. तिने काहीच केलं नसतं तर निदान तीन वर्षं तरी लिहिली गेली असती.

तिने आबेनाला फोन लावला. आबेनाने यादी पाहिली होती.

“तूसुद्धा?” आबेना म्हणाली.

हेमलताला आधी अर्थच कळला नाही. मग कळला. “तुझ्या वेळी... तू पण?”

“चारचे नऊ केले होते. आजी जिवंत होती तेव्हा. मला वाटलं, मी एकटीच.” आबेनाने चेहऱ्यावरून हात फिरवला. “एकोणीस जण गं. सगळ्यांना वाटलं असेल आपण एकटेच. मी तुला सांगितलं असतं तर तू केलं नसतंस. पण कुठल्या तोंडाने सांगणार होते?”

हेमलता तिच्यावर रागावू शकली असती. पण रागवायला जागा कुठे होती? तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. करारवाल्या निधीला सुखदेवने स्वतः फोन केला. ‘जवळजवळ निश्चित’ लिहिलेलं जंगल आमचे विमावाले घेत नाहीत, असं उत्तर आलं. निधीतली बाई फार नम्रपणे बोलली म्हणे. पायरीवरचे दलाल दिसेनासे झाले, कारण आता पायरीवर बसायची गरज नव्हती. आवाज न करणाऱ्या करवती आल्या. ओंडके उचलून नेणारी मोठी उडती यंत्रं आली, ती ढगाळ दिवस साधून यायची. गावाने पहारे बसवले. एका पहाऱ्यावर सुखदेवचा चुलतभाऊ पाय मोडून घेऊन आला, आणि दुसऱ्या पहाऱ्यावरचे दोघे पहाऱ्यावरून परतले ते नवी मोटरसायकल घेऊनच. चोर परका असतो तोवर गाव एक असतं. आता लोक एकमेकांच्या दाराकडे पाहू लागले.

सुखदेवचे फोन बंद झाले. हेमलताने केले तर तो उचलायचा, कामापुरतं बोलायचा. गावात कुणी कारणांचं पान उघडलं नव्हतं, म्हणून खोटं कुणी बोललं हे त्याला अजून माहीत नव्हतं. यंत्र चुकलं असं तो समजत होता. “यंत्राचं का घेऊन बसली, बाई,” तो एकदा म्हणाला. “तू तं चौदा सांगतलं होतं.” त्या वाक्याने ती रडली. सभा बोलावली आहे असं त्याने त्याच फोनवर सांगितलं, आणि तिने रजा टाकली.

कोसमटोल्याला ती पोचली तेव्हा पडवी भरून गेली होती. बायका पुढे, पुरुष मागे, पोरं खांबांना लटकलेली. सुखदेव फळ्याजवळ उभा होता. त्याने तिला पाहून मान हलवली आणि बसायला जागा करून दिली.

ती बसली नाही. “मले पयले बोलायचं हाये,” ती म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. तीन, चौदा, डोंगरामागची कागदावरची झाडं, पाठराबे साहेबांचं नाव मात्र घेतलं नाही. ती बोलत असताना तिने सुखदेवकडे पाहायचं टाळलं. बोलून झालं तरी कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

सुखदेव म्हणाला, “जगाशी खोटं बोलली, थे समजलं. त्यात तुयं चुकलं असं म्या नाई म्हनत.” त्याने हातातला खडू खाली ठेवला. “पन मले? म्या इचारलं होतं तुले, बाई. हात जोडून इचारलं होतं.”

“तुले सांगतलं असतं तं सभेले सांगावं लागलं असतं,” हेमलता म्हणाली. “मंग सगळ्यायले समजलं असतं.”

पुढच्या ओळीतून मैनाबाई बोलल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता. “सगळ्यायले तं समजलंच, पोरी. त्या यंत्राले समजलं, दलालायले समजलं, बाहेरच्या देशातल्या लोकायले समजलं. आमालेच फक्त नाई समजलं.”

हेमलता जिथे उभी होती तिथेच खाली बसली.

मग सभेचं काम सुरू झालं. सभेपुढे एकच गोष्ट होती, आणि ती सुखदेवने खाली मान घालून मांडली. चोर रोज नेताहेत. गावातलेही नेताहेत, नावं घ्यायची गरज नाही. आणखी वर्षभराने काही उरणार नाही आणि गाव एकमेकांच्या उरावर बसेल ते वेगळंच. त्यापेक्षा सभेने स्वतःच जंगल विकावं. सगळं, एकदाच, आपल्या हाताने तोडून, लिलाव करून. पैसा सारखा वाटावा. तरणीताठी पोरं निदान दुसरीकडे जाऊन उभी राहतील.

एक म्हातारा रडायला लागला. कुणी त्याला गप्प केलं नाही. सुखदेवने हात वर करायला सांगितलं. एक एक करून हात वर जाऊ लागले, कसेबसे, जड झाल्यासारखे. सुखदेवचाही गेला. शेवटी दोनच राहिले. मैनाबाईंचा आणि हेमलताचा. हेमलताला वाटत होतं, आपला धरायचा नसतो. पण सुखदेव तिच्याकडेच पाहत होता.

“तुयं नाव गावातून काढलं नाई कोनी,” तो म्हणाला. “इथं बसली तं तुया हात मोजाच लागते.”

तिला एकदम आशा वाटली. एक हात खाली राहिला तर ठराव होत नाही. तिने हात मांडीवर दाबून धरला. ती हे थांबवू शकत होती.

मैनाबाईंनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. “हेमा,” त्या म्हणाल्या, “आता खरं सांगजो. आपून थांबलो, राखन केली, जीव लावला, तं किती झाडं वाचतीन? तुयाएवढं कोनाले माहीत नाई.”

सगळी पडवी तिच्याकडे वळली. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एवढं होऊनही ते तिच्या आकड्याची वाट पाहत होते. ती ‘निम्मी’ म्हणाली असती तर त्यांनी विश्वास ठेवला असता, हात खाली घेतले असते, आणि पुन्हा पहाऱ्यावर गेले असते, पाय मोडून घ्यायला.

एकोणीस जंगलांचे तक्ते तिला पाठ होते.

“एकबी नाई,” हेमलता म्हणाली.

मैनाबाईंनी मान हलवली, लुगड्याचा पदर सारखा केला आणि हात वर केला. मग हेमलताने केला. सुखदेवने खडूने फळ्यावर लिहिलं की ठराव सर्वांच्या संमतीने झाला.